बद्द वाजलेलं व्हील

मिस्त्रींनी हात वर केला आणि शॉपमधली मशिनं एकेक करून बंद पडली. आधी ड्रिल, मग शेपर, मग तिन्ही लेथ. शेवटी ड्रिलवरच्या दस्तगीरने पंखाही बंद केला. एप्रिल महिना होता, पत्र्याखाली घामाच्या धारा लागल्या होत्या, पण नवं व्हील वाजवताना पंखासुद्धा चालायचा नाही असा मिस्त्रींचा कायदा होता.

ग्राइंडिंगचं व्हील म्हणजे दगडच. वरून धडधाकट दिसतं आणि आत केसाएवढी चीर असते. मिनिटाला चार हजार फेरे फिरायला लागलं की त्या चिरेतून ते फुटतं, आणि समोर जो उभा असेल त्याच्या तोंडात शिरतं. म्हणून बसवण्याआधी ते बोटावर टांगायचं, पेचकसाच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. अखंड व्हील खणखणीत वाजतं. चीर गेलेलं बद्द वाजतं, तडा गेलेल्या माठासारखं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं मगदूमांचं शॉप ते. आम्ही सहाजण कामाला होतो आणि नवं व्हील वाजवण्याचा मान फक्त मिस्त्रींचा. त्यांनी ठोकायचं, बाकीच्यांनी देवळात उभं राहावं तसं गप्प उभं राहायचं, आणि ते "बोलतंय" म्हणाले की व्हील पास. मग ते दुसऱ्या कुणी ठोकून बघणं म्हणजे मिस्त्रींच्या तोंडावर त्यांना खोटं पाडण्यासारखं होतं.

त्या दिवशी मिस्त्रींनी पुण्याहून पार्सलने आलेलं नवंकोरं व्हील बोटावर घेतलं आणि ठोकलं. बद्द. अर्धा फेरा फिरवून पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द.

"बोलतंय," मिस्त्री म्हणाले आणि व्हील माझ्यापुढे धरलं. "लाव."

मी आजूबाजूला बघितलं. दस्तगीर त्याच्या ड्रिलच्या टेबलावरचा लोखंडाचा कीस झाडत होता. शेपरवाला वर पत्र्याकडे बघत होता. सगळ्यांनी ऐकलं होतं. ते चेहरे मी आजही ओळखीन.

मिस्त्री बहिरे होत चालले होते. तीस वर्षं पत्र्याखाली लोखंड बडवल्यावर दुसरं काय होणार? लेथ नीट चालतोय का हे ते आता मशिनच्या अंगावर तळहात टेकवून बघायचे. बोलणाऱ्याच्या ओठांवरून नजर हटवायचे नाहीत. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त मगदूम मालकांना. मालकांना कळलं की मिस्त्री त्याच संध्याकाळी घरी बसणार, यात कुणालाच शंका नव्हती. आणि मालक नेमके त्या दिवशी तिथंच उभे होते, साखर कारखान्याचा माणूस बरोबर घेऊन. कारखान्याच्या पंपाचा शाफ्ट लेथवर चढवलेला होता. पाणी देऊन कडक केलेला शाफ्ट, त्याला टूल लागत नाही. टूल धरायच्या जागी छोटा ग्राइंडर बसवून त्याच्यावरून व्हील फिरवावं लागतं. माणूस शाफ्ट घेऊनच परत जाणार होता.

तर एका बाजूला मिस्त्रींची भाकरी आणि अब्रू, दुसऱ्या बाजूला माझं तोंड. त्या व्हीलसमोर उभा राहणार होतो मी.

आणखी एक सांगायचं राहिलं. मिस्त्री माझे सासरे होते.

शालनशी माझं लग्न त्यांनीच लावलं होतं. शॉपमधला त्यातल्या त्यात बरा टर्नर म्हणून मला पसंत केलं. घरी गेलो की मला पाट द्यायचे, "पाव्हणं, हातपाय धुवा" म्हणायचे, माझ्या ताटात पडल्याशिवाय स्वतः घास उचलायचे नाहीत. आणि शॉपमध्ये मी "ए पर्शा". शॉपमध्ये त्यांना मामा म्हणायची मला बंदी होती. चूक झाली की ते तोंडानं बोलायचे नाहीत, थोबाडीत द्यायचे. सगळ्यांनाच द्यायचे, पण मला जरा जास्त, जावई म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून. ग्राइंडिंगच्या आधी व्हीलची भुकटी झेलायला लेथच्या बेडवर ओलं पोतं अंथरायचं विसरलो, एक. व्हीलच्या दोन्ही बाजूंना कागदाच्या चकत्या न घालता नट आवळला, दोन, दोन्ही गालांवर. लग्नाआधीच्या मी मोजल्या नाहीत. लग्नानंतरच्या चार वर्षांत अकरा झाल्या होत्या. शॉपमधली पोरं विचारायची, "काय जावई, आज आहेर किती?" मी हसायचो. आतून मात्र पेटायचो. मुळात मी तापट माणूस, लग्नाआधी दोनदा पोलीस चौकी बघून आलेला. सासऱ्यावर हात उगारायचा नाही म्हणून दातओठ खाऊन राहायचो, इतकंच.

मी व्हील हातात घेतलं आणि लेथकडे वळलो. पोतं भिजवून बेडवर टाकलं. ग्राइंडर टूलच्या जागी बसवून घट्ट केला, त्याचा मध्य शाफ्टच्या मध्याशी जुळवला. प्रत्येक काम जमेल तितकं हळू करत होतो. मिस्त्री जवळ येतील, त्यांना हळूच सांगू, अशी आशा होती. पण बहिऱ्या माणसाला गुपित सांगता येत नाही. त्याला जे सांगायचं ते सगळ्या शॉपला ऐकू जातं.

मालकांनी घड्याळ बघितलं. "परशराम, किती वेळ?"

मी पाठ त्यांच्याकडे केली, मिस्त्रींना समोर घेतलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "आवाज बद्द आलाय."

मिस्त्रींनी वाचलं. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. मग मी व्हील बोटावर टांगलं, त्यांचा तळहात त्याच हातावर ठेवला आणि पेचकसाच्या मुठीनं टुक केलं, म्हणजे निदान बोटांना तरी कळेल.

त्यांनी हात हिसडला आणि खाडकन माझ्या थोबाडीत दिली. बारावी.

"मी वाजवल्यावर तू वाजवणार?"

"काय झालं, मिस्त्री?" मालक पुढं आले.

"काय न्हाई, मालक." मिस्त्री दस्तगीरकडे वळले. "दस्तगीर, तू सांग. कसं वाजलं मगाशी?"

दस्तगीर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, मिरजेचा, पाच वेळा नमाज पढणारा माणूस. त्याने मालकांकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं, आणि मान खाली घातली.

"चांगलं वाजलं, मिस्त्री."

त्याला मी आजही दोष देत नाही. त्या वेळी मात्र त्याचा गळा धरावासा वाटला होता.

"मी नाही लावणार," मी म्हणालो.

हे मालकांनीही ऐकलं. कारखान्याचा माणूस कुत्सित हसला आणि म्हणाला, "मगदूम, तुमच्याकडं गडी लई नाजूक दिसतात."

मिस्त्रींनी मला खांद्यानं बाजूला सारलं. व्हील घेतलं, कागदाच्या चकत्या घातल्या, नट आवळला, वरून पत्र्याचं गार्ड चढवलं. त्यांचे हात बघत राहावेत असे चालायचे. एवढ्या रागात असूनही नट त्यांनी हवा तेवढाच आवळला, जास्त नाही. हातानं व्हील एक फेरा फिरवून कुठं घासत नाही ना ते बघितलं. मग बाजूला उभं राहून बटण दाबलं.

चालू केलं की एक मिनिट बाजूला उभं राहायचं, हाही त्यांचाच नियम. व्हील फुटायचंच असेल तर बहुतेक वेळा त्या पहिल्या मिनिटात फुटतं. सगळे आपापल्या जागी खिळले होते. व्हीलचा आवाज चढत गेला आणि स्थिर झाला. मी मनात साठ मोजले. काही झालं नाही.

मिस्त्री माझ्याकडे बघून हसले आणि व्हीलच्या समोर जाऊन उभे राहिले. डाव्या हातानं लेथ चालू केला, उजव्या हातानं हँडल धरून व्हील शाफ्टकडे नेऊ लागले. ठिणग्या बघायला ते खाली वाकले. आता त्यांना कानानं काही कळत नव्हतं, डोळ्यांनीच बघावं लागत होतं, म्हणून नेहमीपेक्षा जास्तच वाकले. तोंड व्हीलपासून हातभर अंतरावर.

मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा होतो. मेन स्विच माझ्या मागे चार पावलांवर होता. मी तिकडे जाऊ शकत होतो. का गेलो नाही? कारण मला वाटत होतं, फुटू दे. फुटू दे एकदाचं याच्या तोंडावर. बारा थोबाडीत खाल्लेल्या माणसाच्या मनात जे येतं तेच आलं, आणि मी ते आज झाकून ठेवत नाही.

व्हील शाफ्टला टेकलं. ठिणग्या निघाल्या. मिस्त्रींनी मान माझ्याकडे वळवली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ते ओरडूनच बोलले, सगळ्या शॉपला ऐकू जाईल असं.

"बघितलास? चार वर्सं झाली, माझ्या लेकीच्या घरात पाळणा हलंना. आता कळलं का हलंना ते. गडीच न्हाई तू."

कोणीतरी हसलं. कोण ते मला कधीच कळलं नाही.

मी मूठ वळली आणि होतं तेवढं बळ लावून त्यांच्या जबड्यावर हाणली. हाड मोडल्याचं माझ्या बोटांना कळलं. ते डावीकडे कोलमडले, आणि माझा हात अजून हवेतच होता, बरोबर व्हीलच्या समोर, त्यांचं तोंड होतं त्या जागी. त्याच क्षणी व्हील फुटलं.

तो आवाज मला सांगता येणार नाही. गार्ड फाटलं. एक तुकडा छताचा पत्रा भेदून गेला, तिथून ऊन आत आलं. दुसऱ्या तुकड्याने ट्यूबलाइट फोडली. कारखान्याचा माणूस जमिनीवर आडवा पडून आईला हाका मारत होता. त्याला काहीच झालं नव्हतं. मी हाताकडे बघितलं तर करंगळी नव्हती आणि तिच्या शेजारचं बोट कातड्याला लोंबत होतं. दुखत नव्हतं. ओल्या पोत्यावर रक्त पडत होतं आणि पोतं ते पीत होतं. खाली मिस्त्री तोंड धरून पडले होते, त्यांच्याही तोंडातून रक्त येत होतं, आणि ते माझ्याकडे बघत होते. मला अजूनही राग होता. लाथ घालायला मी पाय उचलला, हे मला पक्कं आठवतंय. पाय तसाच राहिला आणि मी शुद्ध हरपून खाली पडलो.

शुद्धीवर आलो तो दवाखान्यात, आणि तोवर गोष्ट तयार झाली होती.

ती दस्तगीरने सांगितली होती. व्हील फुटायला आलेलं पर्शाला दिसलं, त्यानं हात घालून मिस्त्रींना बाजूला ढकललं, म्हणून मिस्त्री वाचले आणि पर्शाची बोटं गेली. दस्तगीर खोटं बोलत होता की त्याला खरंच तसं दिसलं होतं, मी कधी विचारलं नाही. "चांगलं वाजलं" म्हणाला होता तो. त्याला असं काहीतरी दिसायलाच हवं होतं. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मालकांना पाठीमागून फक्त माझा हात पुढं गेलेला दिसला होता. मिस्त्रींचा जबडा पडताना लेथच्या टोकावर आपटून फुटला, असं ठरलं. मालक स्वतः मोसंबी घेऊन आले आणि माझ्या उशाशी बसून रडले. शालन माझा डावा हात धरून म्हणाली, "माझ्या आबांना वाचवलंसा तुम्ही." मी डोळे मिटून घेतले.

मी खरं सांगणार होतो. खोटं नाही बोलत, जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण शालनकडे बघितलं की पुढचा शब्द निघायचा नाही. तिच्यापुढे बापाला मारणारा नवरा होऊन कसं जगायचं?

आणि एक साक्षीदार होताच, मिस्त्री. डॉक्टरांनी त्यांचे दात तारेनं बांधून टाकले होते. सहा आठवडे ते बोलू शकत नव्हते. शालनने दोघांनाही आमच्या घरी आणलं. एका भिंतीला मी, समोरच्या भिंतीला ते. ती मला भरवायची आणि त्यांना नळीनं पेज पाजायची. ते माझ्याकडे बघत बसायचे. ती तार सुटली की हा माणूस काय बोलणार, या विचारानं मला जेवण जायचं नाही. पळून जावं, असंही मनात येऊन गेलं.

तार काढली त्या दिवशी गल्लीतली माणसं बघायला आली होती. मिस्त्रींनी जबडा दोन-तीनदा हलवून बघितला आणि माझ्याकडे बोट केलं.

"पाव्हण्यानं हात दिला मला," ते म्हणाले. "न्हाईतर आज माझी तसबीर असती भिंतीला."

मला वाटलं, पडताना डोक्याला मार लागला, विसरले.

त्यानंतर ते शॉपला गेले नाहीत. डॉक्टरांनी कान तपासले होते आणि मालकांना सगळं कळलं होतं. मालकांनी आहेर करून त्यांना घरी बसवलं. तीन बोटांनी लेथ चालवायला शिकायला मला वर्ष लागलं. मग मिस्त्री म्हणून मला पुढं केलं, आणि मी पहिला कायदा बदलला. व्हील आता जो त्याच्यासमोर उभा राहणार त्यानंच वाजवायचं. दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली.

आणि मिस्त्री गोष्ट सांगत राहिले. बारशाला सांगितली. न्हाव्याच्या दुकानात सांगितली. कुणाच्या सोयरिकीला गेले तरी चहा यायच्या आत माझा हात धरून वर करायचे, "ही दोन बोटं कुठं गेली ठाऊक हाय का?" मी हात सोडवून घ्यायचो आणि उठून बाहेर जायचो. लोक म्हणायचे, काय विनय आहे माणसाचा.

अपघातानंतर अकराव्या वर्षी कागलला एका लग्नात त्यांनी ती पन्नास माणसांना सांगितली. परतताना आम्ही दोघं एसटी स्टँडवर बाकावर बसलो होतो. गाड्यांचा असा गोंगाट की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येऊ नये. असा मोका परत मिळणार नव्हता. मी त्यांची हनुवटी धरून त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"मामा, मी तुम्हाला वाचवलं नाही. मी तुम्हाला मारलं."

त्यांनी ओठ वाचले. मान हलवली.

"ठाऊक हाय की मला. वाचवणारा माणूस मूठ वळत न्हाई. जबडा माझा हाय, पाव्हणं. कुठनं फुटला ते मला कळायचं न्हाई व्हय?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासनं. आणि व्हील फुटकं हाय, ते बी दस्तगीरच्या तोंडाकडं बघूनच कळलं हुतं. मालक उभा हुता. शाफ्टवरनं एकदाच व्हील फिरवायचं हुतं, जाईल निभावून म्हटलं."

"मग ही गोष्ट का सांगत फिरता? अकरा वर्षं? मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

मिस्त्रींनी जेवढा जमेल तेवढा आवाज खाली आणला. तरी तो मोठाच होता.

"मी तुमाला जे बोललो, ते साऱ्या शॉपनं ऐकलं हुतं. पाळण्याचं. शॉपनं ऐकलं म्हणजे गल्लीत जाणार, गल्लीतनं शालनच्या कानावर जाणार. माझ्या तोंडातनं गेलेलं मी परत कसं घेऊ? लोकांच्या तोंडाला त्याच्यापेक्षा मोठं कायतरी द्यायला पायजे हुतं. म्हणून दिलं."

कोल्हापूरची गाडी लागली. ते काठी टेकत उठले, मी त्यांचा दंड धरला. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून घरापर्यंत रडत आलो. त्यांना ऐकू आलं नसेल.

पुढच्याच वर्षी ते गेले. तेराव्याच्या पंगतीला शालनचे चुलते कुणा परगावच्या पाहुण्याला माझा हात दाखवून सांगायला लागले आणि मध्येच अडखळले. "अहो, तुम्हीच सांगा की. आबा कसं सांगायचे ते."

मी उठून गेलो नाही. सगळं सांगितलं. व्हील फुटायला आलेलं मला दिसलं, मी हात घातला, मामांना बाजूला ढकललं. दस्तगीर समोरच्या पंगतीत होता, तो मान खाली घालून भात कालवत राहिला. त्या पंगतीत शॉपमधले चौघे होते. पाळण्याचं बोलणं त्यांच्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर मला दिसलं नाही.

शालन वाढता वाढता थांबली होती. "असंच झालं हुतं न्हवं?" तिने विचारलं.

"असंच," मी म्हणालो.